पत्ता सांगणाऱ्यांचा इतिहास

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राची ओळख अंकांनी ठरते आणि माणसे मात्र नावांनीच व्यवहार करतात. या दोहोंमधले अंतर भरून काढण्यासाठी गेल्या अर्धशतकात जी व्यवस्था उभी राहिली, तिला डोमेन नेम सिस्टिम, संक्षेपाने डीएनएस, असे म्हणतात. ब्राउझरमध्ये एखाद्या संकेतस्थळाचे नाव टंकले, की ते स्थळ ज्या यंत्रावर ठेवलेले असते त्याचा अंकांतला पत्ता, म्हणजेच आयपी पत्ता, आधी शोधावा लागतो आणि तो हाती आल्यावरच प्रत्यक्ष जोडणी सुरू होते. वापरकर्त्याच्या वतीने हा शोध घेणाऱ्या सर्व्हरला रिझॉल्व्हर म्हणतात. बहुतेक ठिकाणी इंटरनेट सेवा पुरवणारी कंपनीच तो चालवते. परंतु गेल्या वीस वर्षांत कोणीही, कोठूनही आणि विनामूल्य वापरावा असा रिझॉल्व्हर चालवण्याची प्रथा रुजली असून तिला सार्वजनिक डीएनएस असे नाव मिळाले आहे. या व्यवस्थेच्या इतिहासात परस्परांच्या उलट वाहणारे दोन प्रवाह दिसतात: नावे देण्याचा अधिकार एका कार्यालयातून निघून जगभर वाटला गेला, तर त्या नावांचे पत्ते सांगण्याचे काम, जे आरंभी हजारो संस्थांत विखुरलेले होते, ते हळूहळू मोजक्या हातांत एकवटत गेले. सार्वजनिक डीएनएसचे महत्त्व आणि त्यातला धोका या दोन्ही गोष्टी या उलट प्रवाहांकडे एकत्र पाहिल्यावरच नीट उमगतात.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील अर्पा या संस्थेच्या पैशांतून १९६९ साली आर्पानेट हे जाळे सुरू झाले, तेव्हा वर्षअखेरीस त्याला जेमतेम चार ठिकाणे जोडलेली होती आणि त्यांची नावे व क्रमांक लक्षात ठेवण्यासाठी कोणत्याही यंत्रणेची गरज नव्हती. पुढे जोडलेल्या यंत्रांची संख्या वाढू लागली, तशी प्रत्येक संस्था आपापल्या सोयीने इतरांना नावे देऊ लागली आणि एकाच यंत्राला निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी नावे पडू लागली. हा घोळ मिटवण्यासाठी पेगी कार्प यांनी १९७१ साली यंत्रांची नावे सर्वांनी सारखी वापरावीत असा प्रस्ताव मांडला, आणि १९७३च्या अखेरीस पीटर डॉइच यांनी सर्व नावांची एकच अधिकृत यादी संगणकावर ठेवावी असे सुचवले. त्यातून पुढच्याच वर्षी जी यादी आकाराला आली, ती सांभाळण्याचे काम कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या नेटवर्क माहिती केंद्राकडे आले. या केंद्राची धुरा १९७२पासून १९८९पर्यंत एलिझाबेथ फाइनलर यांच्याकडे होती.

होस्ट्स डॉट टीएक्सटी या नावाची ही फाइल साध्या मजकुराची होती. तिच्या एका ओळीत एका यंत्राची नोंद असे आणि ओळीतले रकाने अपूर्णविरामाने वेगळे केलेले असत: आधी नोंदीचा प्रकार, मग अंकांतला पत्ता, मग यंत्राचे नाव, त्यानंतर यंत्राची जात, त्यावर चालणारी कार्यप्रणाली आणि शेवटी ते यंत्र कोणकोणत्या सेवा देते त्यांची जंत्री. नावाला चोवीस अक्षरांची मर्यादा होती आणि त्यात रोमन वर्ण, अंक, संयोगरेषा आणि बिंदू एवढीच चिन्हे चालत. नवे यंत्र जोडायचे झाले, की संबंधित संस्था केंद्राला ईमेल पाठवून किंवा दूरध्वनी करून कळवत असे. केंद्रातील कर्मचारी ते नाव आधी कोणी घेतलेले नाही ना हे पाहून नोंद करत आणि आठवड्यातून एकदोनदा फाइलची नवी आवृत्ती निघे, जी उरलेल्या सर्व यंत्रांनी आपणहून उतरवून घ्यायची असे. एका अर्थाने तोवर जगात एकच नामसेवक होता आणि तो म्हणजे मेन्लो पार्कमधील काही माणसे. त्यांच्या कामाची काटेकोर शिस्त हीच त्या काळी जाळ्याच्या विश्वासार्हतेची हमी होती.

१ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने टीसीपी-आयपी ही नवी संपर्कपद्धती स्वीकारली आणि निरनिराळी जाळी एकमेकांना जोडून घेण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र तोवर एका फाइलवर चाललेली ही व्यवस्था मोडकळीला आली होती. जितकी यंत्रे वाढत तितकी फाइल लांबत जाई आणि ती उतरवून घेणारेही तितकेच वाढत, त्यामुळे यंत्रांची संख्या दुप्पट झाली तर फाइल वाटण्याचा भार चौपट होई. शिवाय फाइलची नवी आवृत्ती सर्वत्र पोहोचेपर्यंत ती जुनी झालेली असे आणि एखाद्या दूरच्या विद्यापीठाला आपल्याच विभागातील यंत्राचे नाव बदलायचे असले, तरी कॅलिफोर्नियातील कार्यालयाच्या कामाच्या वेळेची वाट पाहावी लागे. दोष केंद्रातील माणसांचा नव्हता. सर्वांच्या नावांचा अधिकार एका ठिकाणी ठेवण्याच्या कल्पनेचाच तो दोष होता.

लॉस एंजेलिसजवळील मरीना डेल रे येथे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. तेथे जॉन पोस्टेल हे जाळ्यातील क्रमांकांचे आणि नियमांचे दप्तर सांभाळत असत. नावांच्या प्रश्नावर निरनिराळ्या तज्ज्ञांनी केलेल्या सूचनांचा मेळ घालण्याचे काम पोस्टेल यांनी आपले तरुण सहकारी पॉल मॉकापेट्रिस यांच्यावर सोपवले. परंतु त्या सूचनांतून तडजोड काढण्याऐवजी मॉकापेट्रिस यांनी स्वतंत्र रचनाच आखली आणि नोव्हेंबर १९८३मध्ये ती दोन टिपणांच्या रूपाने प्रसिद्ध केली. चार वर्षांच्या अनुभवानंतर, नोव्हेंबर १९८७मध्ये, या टिपणांची जागा सुधारित आवृत्त्यांनी घेतली आणि आजही डीएनएसचा पाया त्याच आवृत्त्यांवर उभा आहे. कॉम, एज्यु, गव्ह, मिल आणि ऑर्ग या वरच्या पातळीवरील शाखा, तसेच प्रत्येक देशासाठी दोन अक्षरी शाखा, ही विभागणी ऑक्टोबर १९८४मध्ये निश्चित झाली. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने कॉम या शाखेतले पहिले नाव नोंदवले.

मॉकापेट्रिस यांच्या रचनेचे मर्म अधिकाराच्या वाटणीत आहे. डोमेन नाव उजवीकडून डावीकडे वाचले, तर पाकिटावरील पत्ता जसा जिल्हा, तालुका, गाव आणि घर अशा क्रमाने उलगडत जातो, तसे ते मोठ्या क्षेत्राकडून लहान क्षेत्राकडे जाते, आणि प्रत्येक पातळीवरील संस्था फक्त आपल्या खालच्या पातळीची नोंद ठेवते. मुंबई विद्यापीठाचे ‘एमयू डॉट एसी डॉट इन’ हे नाव घेतले, तर रिझॉल्व्हर सर्वप्रथम रूट सर्व्हर म्हटल्या जाणाऱ्या, झाडाच्या मुळाशी असलेल्या सर्व्हरकडे विचारणा करतो. या सर्व्हरला विद्यापीठाची काहीच माहिती नसते. ‘इन’ ही भारताची शाखा कोणते सर्व्हर सांभाळतात, एवढेच तो सांगतो. त्या सर्व्हरकडे गेल्यावर विद्यापीठाचा अधिकृत नामसर्व्हर कोणता हे कळते, आणि तो नामसर्व्हर अखेरीस संकेतस्थळाच्या यंत्राचा आयपी पत्ता देतो. विद्यापीठाने उद्या आपले संकेतस्थळ दुसऱ्या यंत्रावर हलवले, तर फक्त स्वतःच्या नामसर्व्हरवरील नोंद बदलली की पुरते. त्यासाठी दिल्लीची, कॅलिफोर्नियाची किंवा अन्य कोणाची परवानगी लागत नाही.

ही साखळी प्रत्येक वेळी पहिल्यापासून चढायची म्हटली, तर मुळाशी असलेल्या सर्व्हरांवर असह्य भार पडला असता. म्हणून मॉकापेट्रिस यांनी प्रत्येक उत्तराला एक मुदत जोडली आणि ती संपेपर्यंत रिझॉल्व्हरने ते उत्तर आपल्याजवळ साठवून ठेवावे अशी तरतूद केली. या साठ्याला कॅश म्हणतात. एकाच रिझॉल्व्हरवर विसंबणाऱ्या हजारो लोकांपैकी पहिल्याने एखादे नाव विचारले, की उरलेल्यांना त्याचे उत्तर तत्काळ मिळते. त्यामुळे अधिक लोक वापरतात तो रिझॉल्व्हर अधिक वेगवान ठरतो आणि वेगामुळे आणखी लोक त्याच्याकडे वळतात. पुढे अवघे जग थोड्याच रिझॉल्व्हरांकडे का झुकले, याची पहिली कारणमीमांसा मूळ रचनेतल्या या गुणातच सापडते. अधिकृत नामसर्व्हर नावांचा धनी असतो, तर रिझॉल्व्हर हा केवळ विचारपूस करणारा मध्यस्थ असतो. परंतु वापरकर्त्याचा सारा संबंध मध्यस्थाशीच येतो आणि त्याने दिलेले उत्तर खरे मानण्यावाचून वापरकर्त्याच्या संगणकापुढे दुसरा मार्ग नसतो.

आरंभीच्या काळात हा मध्यस्थ घरचाच असे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी १९८४च्या सुमारास बाइंड हा नामसर्व्हरचा प्रोग्रॅम लिहिला आणि तो युनिक्स या कार्यप्रणालीबरोबर मोकळेपणाने वाटला गेल्याने प्रत्येक विद्यापीठाला व प्रयोगशाळेला स्वतःचा रिझॉल्व्हर चालवणे शक्य झाले. त्याच काळात भारतातही जाळे आकार घेत होते. १९८६ साली अर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला आणि मे १९८९मध्ये ‘इन’ ही शाखा भारताकडे आली, तेव्हा तिची व्यवस्था मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, या संस्थेने पाहिली. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या या संस्थेने भारताच्या नावांचे दप्तर दीर्घकाळ सांभाळले, आणि देशाच्या संगणकीय इतिहासात मुंबईचे हे स्थान आवर्जून नोंदवण्यासारखे आहे. नावे मिळवण्याचे निकष तेव्हा कडक असल्याने या शाखेत काही हजारच नावे नोंदली गेली होती. निक्सी या २००३ साली स्थापन झालेल्या संस्थेकडे हे काम आल्यावर २००५पासून नोंदणी सर्वांसाठी खुली झाली.

रूट सर्व्हरांच्या बाबतीतही वाटणीचाच मार्ग अवलंबला गेला. एका लहान संदेशात, म्हणजे ५१२ बाइटांत, सर्व रूट सर्व्हरांची यादी मावावी या मर्यादेमुळे त्यांची संख्या तेरा ठरली आणि त्यांना ए ते एम अशी अक्षरे मिळाली. २१ ऑक्टोबर २००२ रोजी या तेराही सर्व्हरांवर एकाच वेळी निरर्थक वाहतुकीचा मारा झाला, तेव्हा तेरा ठिकाणे पुरेशी नाहीत हे उघड झाले. त्यानंतर एनीकास्ट ही पद्धत झपाट्याने पसरली. या पद्धतीत एकच आयपी पत्ता अनेक शहरांतील यंत्रांना दिला जातो आणि विचारणा जाळ्याच्या मार्गाने त्यांतल्या सर्वांत जवळच्या यंत्राकडे आपोआप पोहोचते. त्या दशकाच्या मध्याला भारतात जी रूट सर्व्हरांची प्रतिरूपे बसवली गेली, त्यांत आय या सर्व्हरचे प्रतिरूप मुंबईत आले. आज अक्षरे तेराच असली, तरी त्यांची जगभरातील प्रतिरूपे दीड हजारांहून अधिक आहेत.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. अशा सेवा जगभर फोफावल्या आणि रिझॉल्व्हर विद्यापीठातून सेवादात्या कंपनीकडे गेला. डायल-अपच्या त्या दिवसांत जोडणीच्या सेटिंगमध्ये डीएनएस सर्व्हरचे क्रमांक हाताने भरावे लागत, त्यामुळे असे काही यंत्र आहे याची निदान जाणीव वापरकर्त्याला असे. पुढे मॉडेम आणि राउटर हे क्रमांक आपोआप घेऊ लागले आणि आपल्या वतीने पत्ते कोण शोधते हा प्रश्न लोकांच्या नजरेआड गेला. सेवादात्यांच्या दृष्टीनेही रिझॉल्व्हर ही उत्पन्न न देणारी बाब होती. म्हणून अनेक ठिकाणी तो जुन्या, अपुऱ्या यंत्रांवर चालत राहिला, आणि जेथे त्यातून उत्पन्नाची शक्यता दिसली तेथे उत्तरांतच फेरफार होऊ लागला. अस्तित्वात नसलेले नाव टंकले तर ‘असे नाव नाही’ असे उत्तर देण्याऐवजी कित्येक कंपन्या वापरकर्त्याला जाहिरातींच्या पानाकडे वळवू लागल्या.

या वृत्तीचा सर्वांत गाजलेला प्रकार घडला तो रिझॉल्व्हरच्या नव्हे, तर शाखेच्या पातळीवर. कॉम आणि नेट या शाखा सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने १५ सप्टेंबर २००३ रोजी या दोन्ही शाखांतील प्रत्येक चुकीच्या नावाला आपल्या साइट फाइंडर या सेवेचा पत्ता द्यायला सुरुवात केली. नाव अस्तित्वात नाही या उत्तरावर विसंबून नको असलेली पत्रे अडवणाऱ्या ईमेल यंत्रणा त्यामुळे गोंधळल्या, तज्ज्ञांनी तीव्र आक्षेप घेतला आणि नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या मागणीनंतर ४ ऑक्टोबर रोजी ही सेवा स्थगित झाली. नकारार्थी उत्तर हेही उत्तरच असते आणि ते प्रामाणिक असले पाहिजे, हे तत्त्व या वादातून स्पष्टपणे पुढे आले.

सेवादात्याचा रिझॉल्व्हर सोडून दुसऱ्याचा वापरावा ही कल्पना तंत्रज्ञांना अपरिचित नव्हती. लेव्हल थ्री कंपनीचा ४.२.२.२ हा सर्व्हर अधिकृतपणे सर्वांसाठी खुला नसतानाही जाळे नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी जगभर वापरला जाई. मात्र सर्वसामान्यांनी वापरावा म्हणून जाहीरपणे उघडलेल्या सेवांत डेव्हिड उलेविच यांनी जुलै २००६मध्ये सुरू केलेली ओपनडीएनएस ही सेवा अग्रेसर ठरली. वेगवान उत्तरे, फसव्या संकेतस्थळांपासून संरक्षण आणि शाळांना व घरांना नको ती स्थळे बंद ठेवण्याची सोय ही तिची आकर्षणे होती. पण खर्च भागवण्यासाठी तीही चुकीच्या नावांना जाहिरातींचे पान दाखवत असे आणि ही पद्धत तिने २०१४ साली बंद केली. पुढच्याच वर्षी सिस्को कंपनीने ही सेवा विकत घेतली.

दरम्यान २००८ साली रिझॉल्व्हरांच्या विश्वासार्हतेलाच हादरा बसला. रिझॉल्व्हर आपल्या प्रत्येक विचारणेवर एक खूणक्रमांक घालतो आणि तोच क्रमांक घेऊन आलेले उत्तर खरे मानतो. हे क्रमांक ६५,५३६ एवढेच असल्याने, एकाच क्षेत्रातील अस्तित्वात नसलेली नावे रिझॉल्व्हरला सतत विचारायला लावून आणि त्याच वेळी बनावट उत्तरांचा मारा करून योग्य क्रमांक थोड्याच वेळात गाठता येतो, असे संशोधक डॅन कॅमिन्स्की यांच्या लक्षात आले. एकदा तो क्रमांक जुळला, की बनावट उत्तराबरोबर त्या संपूर्ण क्षेत्राचा नामसर्व्हरच बदलून टाकता येत असे आणि चुकीचा पत्ता कॅशमध्ये बसून हजारो लोकांना वाटेल तेथे नेत असे. कॅमिन्स्की यांनी हा दोष गाजावाजा न करता प्रमुख उत्पादकांना कळवला, त्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन उपाय ठरवला आणि ८ जुलै २००८ रोजी अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्त्या प्रसिद्ध केल्या. त्या दुरुस्तीने विचारणा कोणत्या पोर्टवरून, म्हणजे यंत्राच्या कोणत्या क्रमांकाच्या दारातून, बाहेर पडते तेही अनिश्चित केले, त्यामुळे बनावट उत्तर जुळवणे फार कठीण झाले. उत्तरावर गणिती सहीची मोहोर उमटवणारी डीएनएसएसईसी ही पद्धत खरा उपाय असल्याचे मानले जात होते. १५ जुलै २०१० रोजी रूट सर्व्हरांच्या नोंदींनाही अशी सही लागू झाली. तथापि वापरकर्त्याच्या वतीने ही सही तपासणारा रिझॉल्व्हर दक्ष असला, तरच तिचा उपयोग होतो, आणि अशी दक्षता घेणारे सेवादाते थोडे होते.

या पार्श्वभूमीवर ३ डिसेंबर २००९ रोजी गूगलने आपला सार्वजनिक डीएनएस सुरू केला. ८.८.८.८ आणि ८.८.४.४ हे त्याचे पत्ते इतके सोपे होते, की अंकांना नावे देण्यासाठी जन्मलेल्या व्यवस्थेत हे अंकच नावासारखे तोंडी बसले. एनीकास्टमुळे तो जगाच्या बहुतेक भागांत जवळून उत्तर देत असे, चुकीच्या नावांना जाहिराती दाखवत नसे आणि २०१३पासून डीएनएसएसईसीची सही सर्वांसाठी तपासू लागला. अवघ्या दोन वर्षांत, फेब्रुवारी २०१२मध्ये, आपण दिवसाला सरासरी सात हजार कोटी विचारणांना उत्तरे देतो असे गूगलने जाहीर केले. ज्या कामासाठी पूर्वी हजारो संस्था आपापली यंत्रे राखत, ते काम एका कंपनीकडे किती वेगाने आले हे या एका आकड्यातून दिसते.

रिझॉल्व्हर ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती वापरकर्त्याची वाट असते, हे सत्य त्या दशकात दोन घटनांनी ठळक केले. डीएनएस चेंजर नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील सुमारे चाळीस लाख संगणकांतील डीएनएसची सेटिंग गुपचूप बदलून त्यांना गुन्हेगारांच्या रिझॉल्व्हरकडे वळवले होते. नोव्हेंबर २०११मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी पकडली. पण ते सर्व्हर लगेच बंद केले असते, तर बाधित संगणकांना एकही संकेतस्थळ सापडले नसते, म्हणून न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्या जागी प्रामाणिक सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२पर्यंत चालवावे लागले. दुसरी घटना तुर्कस्तानातील आहे. मार्च २०१४मध्ये तेथील सरकारने ट्विटरवर बंदी घातली आणि सेवादात्यांच्या रिझॉल्व्हरांनी खोटी उत्तरे देऊन ती अमलात आणली, तेव्हा नागरिकांनी सेटिंग बदलून गूगलचा रिझॉल्व्हर वापरायला सुरुवात केली आणि इस्तंबूलच्या भिंतींवर ८.८.८.८ हे अंक रंगवले गेले. त्यावर महिनाअखेरीस सेवादात्यांनी त्या पत्त्याकडे जाणारी वाटच आपल्या यंत्रांकडे वळवली, आणि गूगलकडे विचारणा करतो आहोत अशा समजुतीत असलेल्या लोकांना पुन्हा सरकारमान्य उत्तरे मिळू लागली. पहिल्या घटनेत परका रिझॉल्व्हर घातक ठरला आणि दुसऱ्या घटनेत तोच आधार ठरला. म्हणून रिझॉल्व्हर परका आहे की घरचा, यापेक्षा तो वापरकर्त्याने समजून-उमजून निवडलेला आहे की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

तुर्कस्तानातील प्रसंगाने आणखी एक उणीव दाखवून दिली. विचारणा आणि उत्तर दोन्ही उघड्या मजकुरात प्रवास करत असल्याने वाटेतील कोणीही ती वाचू व बदलू शकत होता. ही उणीव दूर करण्यासाठी मे २०१६मध्ये विचारणा सांकेतिक आवरणातून पाठवण्याचे पहिले मानक आले आणि ऑक्टोबर २०१८मध्ये तीच विचारणा नेहमीच्या सुरक्षित वेब-वाहतुकीत मिसळून पाठवण्याचे दुसरे मानक प्रसिद्ध झाले. याच सुमारास दोन मोठ्या सार्वजनिक सेवा उभ्या राहिल्या. आयबीएम, पॅकेट क्लिअरिंग हाउस आणि ग्लोबल सायबर अलायन्स यांनी नोव्हेंबर २०१७मध्ये ९.९.९.९ या पत्त्यावर क्वाड नाइन सुरू केला. तो घातक स्थळांची नावे अडवतो, नफ्यासाठी चालत नाही आणि २०२१ साली त्याने आपले ठाणे स्वित्झर्लंडला हलवले. क्लाउडफ्लेअर कंपनीने १ एप्रिल २०१८ रोजी १.१.१.१ ही सेवा आरंभली. हा पत्ता आशिया-प्रशांत विभागाच्या एपनिक या संस्थेकडे संशोधनासाठी राखलेला होता आणि असंख्य उपकरणांत तो खोट्या पत्त्यासारखा वापरला गेल्याने त्याच्याकडे निरर्थक वाहतुकीचा लोंढा येत असे. तो पेलण्याची ताकद क्लाउडफ्लेअरकडे होती आणि त्या वाहतुकीचा अभ्यास एपनिकला हवा होता, म्हणून हा करार जुळला.

सांकेतिक आवरणामुळे वाटेतले डोळे बंद झाले, पण त्यामुळेच एकवटण्याचा प्रश्न तीव्र झाला. फेब्रुवारी २०२०मध्ये फायरफॉक्स ब्राउझरने अमेरिकेतील वापरकर्त्यांच्या विचारणा टप्प्याटप्प्याने सांकेतिक स्वरूपात आणि प्रामुख्याने क्लाउडफ्लेअरकडे पाठवायला आरंभ केला, म्हणजे निवड संगणकाच्या सेटिंगमधून निघून ब्राउझरच्या निर्मात्याकडे गेली. एखादा माणूस कोणती नावे विचारतो यावरून त्याचे आजार, श्रद्धा, राजकीय कल आणि कर्जाची गरज यांचा अंदाज बांधता येतो. ही माहिती हजार कंपन्यांत विखुरलेली असणे आणि चार कंपन्यांकडे साठणे यांत मोठा फरक आहे, मग त्या चौघांनी नोंदी लवकर पुसण्याचे वचन जाहीरपणे दिलेले असले तरी. शिवाय या सेवांपैकी बहुतेक एकाच देशाच्या कायद्याच्या कक्षेत येतात. याच चिंतेतून युरोपीय संघाने स्वतःच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरला पाठबळ दिले आणि २०२५ साली डीएनएस फॉर ईयू ही सेवा सर्वांसाठी खुली झाली.

नावे देण्याच्या बाजूने मात्र वाटणीची मूळ प्रेरणा पुढेच जात राहिली आणि तिचा लाभ मराठीलाही झाला. होस्ट्स फाइलपासून चालत आलेल्या रोमन वर्णांच्या मर्यादेमुळे डोमेन नावांत इतर लिप्यांना वाव नव्हता. २००३ साली प्रमाणित झालेल्या प्युनीकोड या पद्धतीने अन्य लिपीतील नाव रोमन वर्णांच्या साखळीत बदलून नामसर्व्हरकडे पाठवण्याची सोय केली, त्यामुळे जुन्या सर्व्हरांत काहीही न बदलता देवनागरी नावे शक्य झाली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘भारत’ ही देवनागरी शाखा नोंदणीसाठी खुली झाली. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, सिंधी, बोडो आणि डोगरी या आठ भाषांचा तिच्यात समावेश होता. मराठी वाचकाने देवनागरीत टंकलेले नाव आज ८.८.८.८ किंवा ९.९.९.९ या सर्व्हरांकडे पोहोचते आणि ते त्याचा पत्ता अचूक सांगतात, ही चाळीस वर्षांपूर्वीच्या रचनेच्या लवचिकतेची साक्ष आहे.

फाइनलर यांच्या केंद्रापासून आजच्या चार-सहा मोठ्या रिझॉल्व्हरांपर्यंतचा हा प्रवास पाहिला, की एक निष्कर्ष टाळता येत नाही. सार्वजनिक डीएनएसने आळशी आणि लोभी मध्यस्थांना धडा दिला, बनावट उत्तरांविरुद्धची तपासणी सर्वदूर नेली आणि अडचणीच्या काळात लोकांना पर्यायी वाट दिली. हे त्याचे ऋण निर्विवाद आहे. परंतु त्याची ताकद पर्याय म्हणून होती आणि तो एकमेव मार्ग झाला, तर १९८३ साली ज्या केंद्रीकरणातून जाळे बाहेर पडले त्यातच ते पुन्हा अडकेल, आणि या वेळी त्या केंद्रात दूरध्वनी उचलणारे कर्मचारीही नसतील. मॉकापेट्रिस यांच्या रचनेत कोणालाही स्वतःचा रिझॉल्व्हर चालवण्याची मुभा पहिल्या दिवसापासून आहे आणि त्यासाठी लागणारे प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात. ‘इन’ शाखेचे दप्तर ज्या देशातील एका संशोधन संस्थेने तुटपुंज्या साधनांवर वर्षानुवर्षे निष्ठेने सांभाळले, त्या देशातील विद्यापीठांनी, ग्रंथालय-संघांनी आणि सार्वजनिक संस्थांनी सही तपासणारे, विचारणांच्या नोंदी न ठेवणारे, प्रामाणिक रिझॉल्व्हर लोकांसाठी चालवावेत, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही. पत्ता सांगणारे अनेक असणे आणि त्यांतून निवड करण्याचा हक्क वापरकर्त्याकडे राहणे, हेच या व्यवस्थेच्या प्रामाणिकपणाचे खरे रक्षण आहे.